खांदा टेकला नव्हता

ड्रिलमास्तरांचा उजवा हात बोलता बोलता डाव्या खांद्यावर जायचा. धूळ झटकावी तसा तो खांदा ते दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, "हा टेकलाच नोता, बाप्पा!" समोर कोण आहे, विषय काय चालला आहे, याच्याशी त्या वाक्याचा काडीचाही संबंध नसे. हेडमास्तर टाइमटेबलाबद्दल बोलत असोत की भाजीवाली वांग्यांबद्दल, मास्तरांचा हात खांद्यावर गेला की आम्ही समजून जायचो, आता कुस्ती सुरू.

तुमच्या गावात, तुमच्या कचेरीत असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचं घड्याळ कधीतरी एकदा बंद पडलेलं असतं आणि तो प्रत्येकाला तीच वेळ सांगत हिंडत असतो. फरक इतकाच, की आमचे मास्तर ती वेळ नुसती सांगत नसत, तुम्हाला उचलून तिच्यात आपटत.

मी पुण्याकडचा. थोरल्या भावाशी कडाक्याचं भांडण करून, एक वळकटी आणि चार पुस्तकं घेऊन मी अमरावतीच्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवायला आलो, तेव्हा उन्हाळा तोंडावर होता आणि माझं डोकं त्याहून तापलेलं होतं. शाळेच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. शेजारी ड्रिलमास्तरांचं घर. पहिल्याच संध्याकाळी पाहिलं तर एक रुंद छातीचा, मोडक्या कानांचा माणूस अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत येरझारा घालत होता. मी पुणेरी अदबीनं विचारलं, "आपण काय करता?"

"कुस्ती खेयून राहिलो," ते म्हणाले.

मी समजलो, गृहस्थ पूर्वी कुस्ती खेळून आता निवांत राहिलेले दिसतात. म्हणालो, "वा, छान. आता विश्रांतीच म्हणायची." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वऱ्हाडात 'करून राहिलो' म्हणजे 'आत्ता, या क्षणी करतो आहे', हे मला पुढे कळलं. 'जेवून राहिलो' असं सांगणाऱ्याचा हात ताटात असतो. तेव्हा मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं की माझी कुस्ती चालू आहे. माझ्या व्याकरणाला ते झेपलं नाही.

कुस्ती झाली होती ती अकोटकडच्या एका जत्रेत, मास्तर ऐन पंचविशीत असताना. घर शेतकऱ्याचं, काळी कसदार जमीन, भाऊ शेती पाहत आणि हे दूध पिऊन आखाडे गाजवत. समोर अकोल्याचा एक नावाजलेला पहिलवान आला. कुस्ती फार वेळ चालली, धुरळा उठला, माणसं उभी राहून ओरडू लागली. शेवटी त्या पहिलवानानं मास्तरांना खाली घेतलं आणि पंचांनी 'चीत' म्हणून हात वर केला. डफडी वाजली. लोकांनी पहिलवानाला उचलून नेलं, आणि मास्तर तिथेच मातीत पडून राहिले. कारण त्यांचा डावा खांदा जमिनीला लागलेलाच नव्हता. खालून हात सरकला असता, एवढी फट होती. धुरळ्यात ती कुणालाच दिसली नाही.

"कोनं पाहिलंच नाई नं!" हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी तसाच फाटायचा.

त्यानंतर ते कधी आखाड्यात उतरले नाहीत. ड्रिलमास्तर झाले, गळ्यात शिट्टी अडकवली, खाकी अर्धी विजार चढवली आणि ती एकच कुस्ती अमरावतीभर खेळत सुटले. तिची रीत ठरलेली होती. समोरच्याचा दंड धरून ते म्हणत, "तुमी मी व्हा. मी थो होतो." म्हणजे मास्तरांच्या जागी तुम्ही आणि पहिलवानाच्या जागी मास्तर. तुम्ही नको म्हणेपर्यंत तुमचे पाय जमीन सोडून गेलेले असत. मग तुमच्यावर ओणवं होऊन, घामानं डबडबलेल्या तोंडानं ते विचारत, "सांगा बरं, टेकला का खांदा?"

माझी पाळी शाळेच्या व्हरांड्यात आली. कोट, टोपी, हातात पुस्तक. मी उताणा पडलो आणि माझे दोन्ही खांदे फरशीला असे चिकटले की कोटाच्या खिशातला खडूसुद्धा फुटला. पण वर मास्तरांचे डोळे होते. तुम्ही त्या डोळ्यांत पाहिलं असतंत तर तुम्हीही तेच म्हणाला असतात.

"नाही टेकला, मास्तर."

"पाहा!" त्यांनी मला उठवलं, कोट झटकून दिला, टोपी डोक्यावर ठेवली. दिवसभर ते खुशीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टमनला पाडलं.

मी गणिताच्या मास्तरांना विचारलं. ते तिथलेच, जुने. म्हणाले, "कायचा नाई टेकत! आमचे सगळ्याइचे टेकले."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"तुमी काऊन नाई सांगितलं?"

असा तो गावाचा एक मुका करार होता. हेडमास्तर, डॉक्टर, म्युनिसिपालटीचे कारकून, सगळे त्यात सामील. आमचं वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून शाळा तपासायला साहेब नागपूरहून यायचे. असेच एक लठ्ठ, सालस इन्स्पेक्टर आले आणि ड्रिल पाहून सहज बोलून गेले, "मास्तर, मुलांना कुस्तीही शिकवता की नाही?" हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा इन्स्पेक्टर हिरवळीवर आडवे होते आणि सगळी शाळा रांगेत उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती. "टेकला का, सायेब?" इन्स्पेक्टरांनी पडल्या पडल्या आभाळाकडे पाहून विचार केला आणि म्हणाले, "शंकेला जागा आहे." सरकारी माणूस असा असावा.

मास्तरांना एका जागी उभं राहणं जमत नसे. ड्रिलच्या तासाला मुलं कमी आणि ते जास्त चालत. हुकूम इंग्रजीत द्यावे लागत. त्यातला त्यांचा आवडता हुकूम होता 'ॲज यू वर', म्हणजे दिलेला हुकूम रद्द, आधी होता तसे व्हा. त्यांच्या तोंडात त्याचं 'अज्जूवर' झालं होतं. मुलांना ते एखादं गाव वाटे. "मार्च!" म्हणून रांग निघाली, मैदानाच्या मध्यावर पोचली, की मास्तरांच्या मनात काही तरी यायचं, हात खांद्यावर जायचा आणि आरोळी उठायची, "अज्जूवर!" सगळी रांग परत मागे. वर्ष संपलं तरी ती मुलं मैदानाच्या पलीकडच्या लिंबापर्यंत काही पोचली नाहीत.

आणि मास्तर उताणे झोपत नसत. उन्हाळ्यात सारी अमरावती अंगणात बाजा टाकून आभाळाखाली पडायची. मास्तर तेवढे उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे. डावा खांदा वर. एकदा पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, उताणे पडा. हे म्हणाले, उभ्यानंच तपासा. शेवटी डॉक्टरांनी टेबलाशी गुडघे टेकून त्यांचं पोट तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "ह्या माणसाचं पोट ठीक आहे हो."

मी हसायचो खरा, पण मास्तरांनी मलाही बरोबर पकडलं होतं. माझ्या जिभेवर त्या काळी एकच धोशा होता, आमच्या पुण्याला असं नसतं. तिथलं पाणी, तिथली संध्याकाळ, तिथली भाषा. इथलं ऊन, इथली धूळ, इथला तो खरबरीत हेल. भावाशी झालेल्या भांडणात मी काय म्हणायला हवं होतं, हे मी रोज नव्यानं जुळवायचो. एकदा मी असाच सुरू झालो तेव्हा मास्तर येरझारा थांबवून म्हणाले, "गुरुजी, तुमचं पुनं अन् माहा खांदा, सारखंच हाये. दोनीबी टेकत नाईत." मला राग आला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मास्तरीणबाई अकोटच्याच बाजूच्या. उंच, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. एकदा कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "गुरुजी, मले वाटलं होतं माहं लगन एका मानसाशी होऊन राहिलं. घरी येऊन पाहतो तं दोन! थो अकोल्याचा पयलवान आमच्या घरात राहून राहिला. खात नाई, पेत नाई, अन् जातबी नाई."

मी मोठ्यानं हसलो. त्या हसल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी त्यांना एक मुलगी झाली होती. चिमी. गोल चेहऱ्याची, बापासारखी एका जागी न ठरणारी. सकाळी उठून माझ्या खोलीत यायची, शाईची दौत सांडायची आणि जायची. ती पाच वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. किती आठवडे तो उतरेना. गल्लीतल्या बायकांनी आशा सोडली होती. ताप उतरला तेव्हा चिमी वाचली होती, पण पायांत जीव उरला नव्हता. उभी केली की ओल्या धोतरासारखी खाली बसायची.

डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून पाय चोळा. हात धरून उभी करा, चालवा. रोज म्हणजे रोज. हयगय केलीत तर पाय असेच राहतील." आणि मास्तरांकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगू? गावातली निम्मी पोरं तुमच्या हाताखालून गेली आहेत."

खरंच होतं ते. त्या हातांना पायांची भाषा कळत होती. मास्तर पहिल्या दिवशी अंगणात बसले, चिमीचा पाय मांडीवर घेतला, तेल कोमट करून घोट्यापासून वर हात चालवू लागले. मी खिडकीतून पाहत होतो. किती हलका हात! चिमी गुदगुल्या होऊन हसत होती. मग मास्तर बोलायला लागले, "चिमे, असाच थ्यानं माहा पाय धरला होता. असा, पोटरीतून. मंग मी काय केलं, मालूम?" त्यांचे डोळे कुंपणापलीकडे कुठेतरी गेले. हाताची पकड बदलली. ती आता मुलीच्या पोटरीवर नव्हती, पहिलवानाच्या पायावर होती. चिमी किंचाळली. मास्तरीणबाई धावत बाहेर आल्या आणि लेकीला उचलून आत घेऊन गेल्या. मास्तर तेलाच्या वाटीकडे पाहत बसले, मग उठून येरझारा घालू लागले.

असं पुन्हा पुन्हा झालं. कधी निम्म्यात हात थांबायचा, कधी दुपारी गोष्ट सांगत बसले की संध्याकाळचं तेल राहायचं, कधी उद्या दुप्पट करू म्हणायचे. बाईंनी स्वतः चोळून पाहिलं, पण उभं करताना चिमी त्यांच्या अंगावर रेलायची; तिला पेलून धरत पुढे न्यायला जे बळ आणि कसब लागे ते त्यांच्याकडे नव्हतं. हळूहळू चिमी बसल्या बसल्या सरकत अंगणभर फिरायला शिकली. शेजारपाजारच्या बायका आल्या की तिच्याकडे न पाहता बोलत.

एका सकाळी मी विचारलं, "चिमी काय करते?"

"पोट्टी बसून राहिली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आता मला वऱ्हाडी चांगली येत होती. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की मुलगी या घडीला बसली आहे. पण मला त्याच शब्दांचा पुण्याकडचा अर्थही ऐकू आला: बसली ती बसूनच राहिली.

त्याच सुमाराला कुणा विद्यार्थ्याचे वडील अकोल्याहून आले आणि बोलता बोलता म्हणाले, तो पहिलवान अजून आहे, अकोल्याला नदीकाठी त्याचा भाजीचा मळा आहे. मास्तर धावतच माझ्याकडे आले. "चला, गुरुजी! थ्याच्याच तोंडातून काढतो. थो म्हनन नाई टेकला, तवाच खरं!"

रविवार होता. मास्तर जोडे घालत होते तेव्हा बाई दारात उभ्या राहिल्या. "आज पोट्टीले उभं करतो म्हटलं होतं नं तुमी?"

"उद्या करतो."

"तुमचं काल कवा सरन, अन् माह्या पोरीचं आज कवा येईन?" त्या ओरडल्या नाहीत. चिमी त्यांच्या पायाशी बसून बापाच्या जोड्याची नाडी ओढत होती. मास्तरांनी नाडी सोडवून घेतली, बांधली आणि निघाले. मला वाटलं आपण जाऊ नये. बाईच मला म्हणाल्या, "जा गुरुजी तुमी संगं. एकदाचं मिटू द्या."

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. बसलो म्हणजे मी बसलो. मास्तर दारापर्यंत जात, परत येत, पुन्हा जात. दिवाळी नुकतीच झालेली, दोन्ही अंगांना कपाशी फुटून रान पांढरं झालं होतं. त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. काय बोलायचं, कसं बोलायचं, याची उजळणी चालली होती. एका म्हाताऱ्या उतारूचा दंड त्यांनी धरला, तेव्हा मी मध्ये पडलो.

मळा सापडायला वेळ लागला नाही. विहिरीवर मोट चालली होती, वांग्यांचे वाफे पाण्यानं काळे झाले होते, दोन सुना मिरच्या तोडत होत्या. आणि एक सुटलेल्या पोटाचा म्हातारा झाडाखाली बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. कान मात्र मोडके, मास्तरांसारखेच.

"या बसा. काय पायजे?" तो म्हणाला.

"वळखलं नाई?"

"नाई, बाप्पा."

मास्तरांनी सांगितलं. जत्रेचं नाव, साल, कोणता डाव, कोणता पेच, धुरळा, डफडी. म्हातारा मन लावून ऐकत होता. जुड्या बांधणारे हात थांबले नव्हते. शेवटी तो म्हणाला, "गंज जत्रा केल्या नं, बापा. शेकड्यानं कुस्त्या खेयलो. यादच नाई राहत." मग खरोखरीच्या उत्सुकतेनं त्यानं विचारलं, "मी जितलो का हारलो थ्याच्यात?"

मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. नदीकडून वारा येत होता. मला पळून जावंसं वाटत होतं.

"तुमी जितले," मास्तर म्हणाले.

"हो का!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं विहिरीकडे हाक मारली, "आयकलं का वो? अकोटकडं मी जितलो होतो! हे सांगून राहिले!"

"पन माहा खांदा टेकला नोता," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "डावा. चीत दिली, पन टेकला नोता."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. एवढ्या लांबून, गाडीभाडं खर्चून आलेला माणूस. तो मुळात दिलदार होता. "नाई टेकला म्हंता? मंग नाई टेकला!" तो म्हणाला. "घ्या." आणि मास्तरांच्या उपरण्यात त्यानं मेथीच्या दोन जुड्या टाकल्या, ओंजळभर वांगी टाकली आणि वर मूठभर सांबार टाकला. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. गिऱ्हाइकाला वर फुकट घालतात तशी.

मग तो गुडघ्यांवर हात देऊन उठला. "बसा तुमी, च्या घ्या. मले पानी फिरवा लागते. वाफा फुटून राहिला." आणि फावडं घेऊन निघून गेला. जाता जाता त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

स्टेशनावर मास्तर बाकावर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं स्वस्थ बसलेलं प्रथमच पाहिलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं, आणि आता त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. हात एकदा सवयीनं खांद्याकडे निघाला, निम्म्यात थबकला आणि भाजीच्या गाठोड्यावर येऊन पडला.

गाडी सुटल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, खरं सांगा. थ्या दिवशी व्हरांड्यात तुमचा खांदा टेकला होता का?"

त्या डोळ्यांत आज काही मागणं नव्हतं. मी म्हणालो, "टेकला होता, मास्तर. दोन्ही टेकले होते. खिशातला खडू फुटला होता."

"इन्स्पेक्टर सायबाचा?"

"त्यांचाही."

"हेडमास्तरचा?"

"सगळ्यांचे."

मला वाटलं आता भडका उडेल. मी वाट पाहत राहिलो. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. कपाशीवर उन्हं उतरली होती. कुठल्याशा लहान स्टेशनावर गाडी थांबली, पुन्हा हलली. तेव्हा ते म्हणाले, "पोट्टी आता काय करून राहिली असन?"

मी चमकलो. ह्या माणसाच्या तोंडून 'आता' हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता.

"बसून राहिली असन," माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांच्याच भाषेत.

मास्तर उठले ते बडनेऱ्यापर्यंत दारातच उभे राहिले. अमरावतीच्या गाडीला उशीर होता. त्यांनी फलाटावर येरझारा घातल्या, पण पहिल्यांदाच मी पाहिलं की परत फिरताना त्यांची मान अमरावतीच्या दिशेनंच वळलेली राहत होती. घरी पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. त्यांनी पाय धुतले नाहीत, पाणी मागितलं नाही. गाठोडं ओट्यावर टाकलं आणि तेलाची वाटी घेऊन चिमीपुढे बसले. बाईंनी एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मेथी निवडायला घेतली.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. चिमी रडायची, चावायची, बापाला शिव्या द्यायची. शाळा भरण्याआधी आणि सुटल्यानंतर मास्तर तिला काखेत धरून शाळेच्या मैदानापलीकडे, त्या लिंबाखालच्या आखाड्यातल्या मऊ मातीत न्यायचे. आपण गुडघ्यांवर बसायचे, तिचे हात आपल्या खांद्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव जोर. पाड मले." ती जोर लावायची. मास्तर डोंगरासारखे. ती खाली बसायची. "ऊठ. अज्जूवर!" पुन्हा उभी करायचे. त्या हुकमाचा एवढा चांगला उपयोग मी आधी पाहिला नव्हता. कधी कधी मास्तरांचे डोळे जुन्या जागी जायला लागत, चिमी त्यांचा मोडका कान ओढायची आणि ते परत यायचे.

उन्हाळा सुरू होताना एका सकाळी मी आखाड्याच्या कडेला उभा होतो. मास्तरीणबाईही भिंतीशी येऊन थांबल्या होत्या. चिमीनं दात-ओठ खाऊन जोर लावला आणि मास्तर डुलले. मागे गेले. आणि पाहता पाहता उताणे पडले, चिमी त्यांच्या छातीवर. ती धडपडत बाजूला झाली, मातीत हात टेकून उठली आणि उभी राहिली. कशालाही न धरता, दोन पायांवर, थरथरत.

"चीत!" ती ओरडली. आणि गल्लीतलं प्रत्येक मूल जाणत होतं तो प्रश्न तिनं विचारला, "बाबा, टेकला का खांदा?"

मास्तर मातीत पडून वर पाहत होते. लिंबाच्या नव्या पालवीतून आभाळ दिसत होतं. कित्येक वर्षांत त्यांनी ते त्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

"टेकला, बाप्पा," ते म्हणाले. "दोनी टेकले."

आणि ते उठेचनात. शेवटी बाईच म्हणाल्या, "उठा आता, घंटा होऊन राहिली." त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

मास्तर त्या दिवसापासून शहाणे-शांत झाले असं मी म्हणणार नाही. त्यांची चुळबुळ शेवटपर्यंत गेली नाही. फक्त ती दुसऱ्यांच्या दाराशी आली. दिवसातून कितीदा तरी माझ्या खिडकीत त्यांचं डोकं यायचं. "गुरुजी, काय करून राहिले?" मी म्हणायचो, भावाची आठवण आली होती. "थे नाई. आता काय करून राहिले?" मग मला काहीतरी करावंच लागे, पेपर तपास, झाडाला पाणी घाल. मी चिडून म्हणायचो, "मास्तर, तुमची कुस्ती परवडली. ती एकदा आपटून सोडून तरी द्यायची." ते हसायचे. भावाला मी पत्र टाकलं. पुण्याला जाऊन भेटूनही आलो. पण परत आलो तो इथे, आणि इथेच राहिलो. दोन्ही अर्थांनी.

मास्तर गेले ते चार दिवसांच्या आजारानं. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सुरुवातीची भाषणं असतात तशी होती, कर्तव्यनिष्ठ वगैरे. मग गणिताचे मास्तर काठी टेकत उठले. खूप म्हातारे झाले होते. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "तथी मले पाडलं होतं त्याइनं. खांदा टेकला होता."

मग डॉक्टर उठले. "माझ्या दवाखान्यात. दोन्ही टेकले होते." मागून पोस्टमन म्हणाला, "माहेबी." मग कारकून, मग एक वकील, मग मी. हॉलभर माणसं उठून एकमेकांना सांगत होती, हसत होती, डोळे पुसत होती. इतक्या वर्षांचं तुंबलेलं खरं एकदम बाहेर आलं होतं. आणि एकाएकी कुणाच्या तरी लक्षात आलं की चिमी समोर बायकांत बसली आहे. आम्ही सगळे शरमून खाली बसलो.

चिमी उठली. आता ती संसारी बाई होती, आईसारखी उंच.

"त्याइले मालूम होतं हे सारं," ती म्हणाली. "रोज मीच पाडलं नं त्याइले."

तिनं पदर खोचला, आम्हाला हात जोडले. "येतो, गुरुजी. लेकरू उठून राहिलं असन घरी." आणि ती निघाली. हॉलच्या त्या लांबलचक फरशीवरून, बापासारखी घाईघाईची, खडखडीत पावलं टाकत. ती दाराबाहेर जाऊन दिसेनाशी होईपर्यंत आम्ही सगळे तिच्या पायांकडे पाहत होतो.